परत येणाऱ्याची जागा

"सर, विज्ञानकथाच आहे ना ती? मग मेलेला माणूस परत आला तर बिघडलं कुठं?"

झरी गावात दहावीच्या मुलांशी वाचनाबद्दल बोलत बसलो होतो, तेव्हा एका मुलीने हे विचारलं. तिने मोबाईलवर पाहिलेल्या मालिकेतला नायक तिसऱ्या भागात मरतो, सातव्या भागात काचेच्या पेटीतून धडधाकट बाहेर येतो आणि आठव्या भागात काही घडलंच नव्हतं अशा थाटात कामाला लागतो. शेजारी बसलेले विज्ञानाचे शिक्षक तिच्यावर उखडले. मेलेला माणूस परत येत नाही, विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. असलं काही दाखवायचं आणि मग लोक मांत्रिकाच्या दारात गेले की हळहळायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं.

मला दोघांचंही पटलं नाही. विज्ञानकथेविषयी बोलणाऱ्या बहुतेकांची मतं या दोन टोकांपैकी एकावर जाऊन बसतात, म्हणून दोन्ही बाजू नीट तपासायला हव्यात.

आधी विज्ञानाच्या सरांची बाजू घेतो, कारण तिच्यामागची कळकळ खरी आहे. साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा आहे, असं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात लिहावं लागलं, ते आपल्याच राज्यात. तरीही 'मेलेला परत येत नाही' या वाक्यातला 'मेलेला' हा शब्द वाटतो तेवढा पक्का नाही. तो किती कच्चा असू शकतो, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या तोंडाशी, आमच्या शिवारातल्या एका आखाड्यावर सालगड्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. रात्री जमिनीवर वाकळ टाकून झोपलेला गडी. पहाटे पोटात कळ उठली, मग पापण्या उचलेनात, मग जीभ जड झाली. अंगावर सूज नाही, दाताची खूण नीट दिसत नाही. उजाडेपर्यंत हात टाकावा तिकडे पडायला लागला आणि छातीचं हलणं असून नसल्यासारखं झालं. मी पोचलो तेव्हा त्याच्या मायनं तुळशीचं पान घातलेली पाण्याची वाटी हातात धरली होती आणि बाया मोठ्यानं रडत होत्या. शेजारच्या आखाड्यावरचा एक म्हातारा मात्र त्याचं मनगट सोडायला तयार नव्हता. "नाडी हाय," एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्या दोन शब्दांवर जीप निघाली. कॉलेजात प्रथमोपचार शिकलेला एक पोरगा परभणीपर्यंत त्याला तोंडाने श्वास देत राहिला.

मण्यारीचं विष काय करतं ते नंतर डॉक्टरांनी समजावलं. मज्जातंतूचा निरोप जिथे स्नायूला पोचतो, तिथली तंतूंची टोकंच ते निकामी करतं. हृदय चालू असतं, मेंदू जागा असतो, पण पापणीपासून छातीपर्यंत एकही स्नायू हुकूम मानत नाही. एकदा बिघडलेली टोकं प्रतिविषाने दुरुस्त होत नाहीत. ती शरीरालाच नव्याने उगवावी लागतात आणि तोवर श्वासाचं काम यंत्राने करायचं असतं. बाहुल्यांवर प्रकाश पाडला तरी त्या हलत नाहीत, त्यामुळे अनुभवी माणूसही अशा रोग्याला मेंदूमृत समजून चुकू शकतो. आमचा गडी बऱ्याच दिवसांनी यंत्रावरून सुटला. बोलता यायला लागल्यावर तो म्हणाला, "मला समदं ऐकू येत व्हतं." माय रडताना काय काय बोलली ते त्याने ऐकलं होतं. तेराव्याचा खर्च कुणी करायचा, यावर चुलता काय बोलला तेही ऐकलं होतं.

ते शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मी त्याच्याकडे परत येणार आहे.

उंबरठा असा सरकलेला मी एकट्यानेच पाहिलेला नाही. जालना जिल्ह्यातल्या देहेडमध्ये जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला गेले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने शंभरातले चाळीसच्या आसपास रोगी दगावत. प्राझोसिन हे रक्तदाबावरचं साधं औषध त्यांनी वापरायला सुरुवात केली आणि तो आकडा एकाच्या आसपास आला. १९९९ च्या मे महिन्यात नॉर्वेत ॲना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात ऐंशी मिनिटं अडकली. बाहेर काढली तेव्हा हृदय बंद होतं आणि अंगाचं तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरलं होतं. ती जगली. थंडीने मेंदूची प्राणवायूची गरजच खाली आणली होती. २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी कत्तलखान्यातून आणलेल्या ३२ डुकरांच्या मेंदूंमध्ये, मृत्यूनंतर चार तासांनी, पेशींची काही कामं पुन्हा सुरू करून दाखवली. जाणीव परतली नव्हती, पण पेशी मरायला आपण समजत होतो त्याहून जास्त वेळ घेतात हे कळलं. आपल्याच देशात मेंदूचं खोड बंद पडणं म्हणजे मृत्यू, ही व्याख्या १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मान्य केली. त्याआधी धडधडणारं हृदय असलेल्या माणसाला मृत म्हणायला आपण तयार नव्हतो. म्हणून सरांना माझं सांगणं एवढंच की विज्ञान 'कधीच नाही' असं म्हणत नाही. कोणती गोष्ट मोडली आणि ती कशाने जोडता येईल, हे ते विचारतं. विज्ञानकथेला या प्रश्नावर उभं राहायचा पूर्ण हक्क आहे. मांत्रिक हा प्रश्न विचारतच नाही, दोघांत फरक आहे तो इथेच.

आता त्या मुलीचं म्हणणं. विज्ञानकथा आहे म्हणून काहीही चालतं, हे मला सरांच्या मतापेक्षाही जास्त घातक वाटतं, कारण त्यात कथेचा जीवच जातो. 'काहीही' चालायचं असेल तर पुराणातही चालायला हवं होतं. तिथेही चालत नाही. संजीवनी विद्या शिकायला शुक्राचार्यांकडे आलेल्या कचाला असुर मारतात. शेवटच्या खेपेला त्याची राख मद्यात मिसळून खुद्द गुरूलाच पाजतात. शुक्राचार्य हाक मारतात आणि ओ येते ती त्यांच्याच पोटातून. आता कच जिवंत व्हायचा तर गुरूचं पोट फाडूनच. म्हणजे गुरू मरणार. म्हणून शुक्राचार्य पोटातल्या शिष्याला विद्या शिकवतात, तो बाहेर येतो आणि मेलेल्या गुरूला उठवतो. किती कडक हिशेब आहे हा! मंत्र आहे, पण फुकट नाही, आणि त्याचा नियम शुक्राचार्यांनाही चुकत नाही.

पण या कथेतली माझ्या मते सगळ्यात खोल जागा पुढे आहे. देवयानी कचाला लग्नाचं विचारते. तो म्हणतो, मी तुझ्या वडिलांच्या पोटातून जन्मलो, तुझा भाऊ झालो. त्याला परत आणावं म्हणून बापाकडे हट्ट धरला तो हिनेच. तो परत आलाही, पण तिच्यासाठी आला नाही. नातं मागच्या जागेवरून हललं होतं. शेवटी ती त्याला शाप देते आणि तो तिला.

मेलेल्या पात्राचं परतणं विश्वसनीय वाटतं की नाही, याची माझी कसोटी हीच आहे. यंत्राचं वर्णन किती पानं केलं, याला मी दुय्यम मानतो. परत आलेल्या पात्राला मधल्या काळाने हलवलेली जागा भोगावी लागते का, ते मी पाहतो. आमच्या सालगड्याने नंतर चुलत्याशी भांडण केलं नाही, पण त्याच्या ओसरीवर तो पुन्हा बसला नाही. तोच माणूस, तेच घर, तीच ओसरी. त्या मालिकेतल्या नायकाच्या बाबतीत असं काहीच घडत नाही. त्याची बायको रडली, मित्रांनी त्याच्याशिवाय जगायचं ठरवलं, आणि तो आला तेव्हा त्या रडण्याचा आणि ठरवण्याचा मागमूस कुठेच उरला नाही. ज्याच्या घरातून कुणी गेलं आहे त्या प्रेक्षकाचा हा अपमान आहे, असं मी जबाबदारीने म्हणतो.

'स्टार ट्रेक'च्या पडद्यावर १९८२ मध्ये स्पॉक मरतो आणि १९८४ मध्ये परततो. लोकांनी ते स्वीकारलं. मरण्याआधी तो आपलं मन डॉक्टर मॅकॉयमध्ये ठेवून जातो, म्हणजे बी आधीच पेरलेलं आहे. त्याला आणायच्या खटपटीत त्याचा मित्र कर्क याचा मुलगा मारला जातो आणि कर्कला आपलं जहाज स्वतःच्या हुकुमाने नष्ट करावं लागतं. स्पॉक परततो तो मित्रांचे चेहरे चाचपडत. मन असं काढून ठेवता येतं का, हा प्रश्न वेगळा. त्याचं आजचं उत्तर स्पष्टपणे 'नाही' असं आहे. फळमाशीच्या मेंदूचा, म्हणजे जेमतेम १ लाख ४० हजार चेतापेशींचा, पूर्ण नकाशा २०२४ मध्ये हाती आला. माणसाच्या मेंदूत अशा सुमारे ८,६०० कोटी पेशी आहेत. पण कथेने आपला नियम आधी सांगितला आणि शेवटपर्यंत पाळला, तर वाचक एवढी सवलत आनंदाने देतो.

आणखी एक पक्ष आहे, तो आजकाल जोरात आहे. माणसाचा आवाज, चेहरा, आठवणी जमवून त्याची नक्कल उभी केली की तो परत आलाच, असं म्हणणाऱ्यांचा. एप्रिल २०२५ मध्ये नाशिकच्या एका राजकीय मेळाव्यात बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं भाषण ऐकवलं गेलं. त्यांचं निधन २०१२ चं. आवाज ओळखीचा होता. पण शब्द त्यांचे नव्हते, आणि 'मी असं म्हणालो नाही' हे सांगायला ते नव्हते. नक्कल आणि माणूस यांत हेच अंतर असतं. माणूस आपल्या तोंडी घातलेलं वाक्य नाकारू शकतो.

मराठी माणसाला हे नव्याने शिकायची गरज नाही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणत एक जण उभा राहिला, १७७६ मध्ये त्याच्या पाठीशी कोकणात फौज जमली, किल्ले त्याच्या हाती गेले. अखेर तो पकडला गेला, पुण्यात चौकशी झाली आणि त्याच वर्षी त्याला देहान्त शिक्षा मिळाली. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी आपण विधवा झालो हे कधी मान्य केलं नव्हतं, लोकांच्या मनातही भाऊ परत येण्याची आस होती. त्या आसेवरच तोतया वाढला. तो मागत काय होता? पंधरा वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी जागा. मधली वर्षं घडलीच नाहीत असं धरून चालणारा दावा मला कथेत दिसला की हा तोतया आठवतो.

आणि म्हणूनच त्याच पानिपतावर जयंत नारळीकरांनी जे केलं ते मला मराठी विज्ञानकथेतलं या प्रश्नाचं सगळ्यात प्रामाणिक उत्तर वाटतं. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत, पानिपतावर मारले गेलेले विश्वासराव वाचतात. गोळी कानाजवळून निघून जाते. नारळीकरांनी प्रेत उठवलं नाही. एका क्षणी दोन वाटा फुटतात, आपण एकीवर असतो आणि दुसरीही असते, ही पुंजभौतिकीतली कल्पना त्यांनी घेतली. एका अपघातानंतर कथेचे नायक गंगाधरपंत त्या दुसऱ्या वाटेवर जातात. मराठ्यांनी जिंकलेलं पानिपत, आपण सगळ्यांनी मनातल्या मनात कितीदा तरी मागितलेलं, त्यांना मिळतं. पण त्या मुंबईत त्यांचा मुलगा सापडत नाही. आझाद मैदानावरच्या सभेत ते रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि लोक त्यांना तिथून हुसकावून लावतात. विश्वासराव जिथे जिवंत आहेत तिथे गंगाधरपंतांना जागा नाही, आणि गंगाधरपंत जिथले आहेत तिथे विश्वासराव मेलेलेच आहेत. परत येतात तेव्हा खिशात बखरीचं एक फाटकं पान असतं, बस्स. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला मेलेल्यांना उठवणारं एखादं भपकेबाज यंत्र रचणं अवघड नव्हतं. त्यांनी ते केलं नाही.

२० मे २०२५ ला नारळीकर गेले. त्यांच्या शैलीत, त्यांच्या आवाजात नवी कथा रचून देणारं यंत्र आज ना उद्या कुणीतरी आणेल. मला ती कथा नको. त्यांच्या लिहिलेल्या कथा आहेत, त्या मुलांच्या हातात द्या. त्या मुलीला मी 'गंगाधरपंतांचे पानिपत' वाचायला दिली आहे, आणि सरांनाही.

सालगडी आता दुसऱ्याच्या शेतावर आहे. पावसाळ्यात बाजेवर, मच्छरदाणीत झोपतो. त्याची माय अजून रात्री उठून त्याच्या नाकापुढे हात धरून बघते, आणि तो जागा असला तरी डोळे उघडत नाही.