डुलकी लागणारा प्रत्येकजण आळशी नसतो

वर्गात बाकावर डोकं टेकून झोपणाऱ्या पोराला आपल्याकडे दोनच नावं मिळतात: आळशी, नाहीतर कुंभकर्ण. आणि ज्याला रात्री झोप येत नाही त्याला एकच सल्ला: "अर्धी गोळी घे ना!" झोप म्हणजे स्वभावाचा मामला, असं आपण धरूनच चालतो. हा समज किती फसवा आहे ते इमॅन्युएल मिन्यो या फ्रेंच शास्त्रज्ञाचं काम बघितलं की कळतं.

मिन्यो १९८६ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आले. तिथे विल्यम डिमेंट यांनी नार्कोलेप्सी झालेली कुत्री सांभाळली होती. खाऊ बघून आनंदाने धावत येणारा डॉबरमन मधेच पाय गळून खाली कोसळायचा. माणसांतही तेच. दिवसा अनावर झोप येते आणि अनेकांचे तर खळखळून हसलं की गुडघे लुळे पडतात. साधारण दोन हजारांत एकाला हा आजार असतो, आणि तो बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो.

या कुत्र्यांत नेमका कुठला जीन बिघडलाय, हे शोधायला मिन्यो यांनी दहाएक वर्षं घातली. आपल्याकडे कुणी म्हणालं असतं, "कुत्री झोपतात का, यावर कसले पैसे उडवता?" पण १९९९ मध्ये उत्तर मिळालं. मेंदूला जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन आहे, त्याचा निरोप घेणारी यंत्रणाच या कुत्र्यांत बिघडलेली होती. त्याच वर्षी मासाशी यानागिसावा यांच्या गटाने दाखवलं की ओरेक्सिन नसलेले उंदीरही असेच पडतात. २००० साली माणसांचंही कोडं सुटलं: हसताना कोसळणाऱ्या रुग्णांच्या मेंदूत ओरेक्सिन बनवणाऱ्या पेशीच जवळजवळ संपलेल्या असतात. म्हणजे 'आळशी' म्हणून मार खाणाऱ्या पोराच्या डोक्यात खरंच काहीतरी कमी असू शकतं, आणि तो दोष त्याचा नाही.

याच शोधातून निद्रानाशावरचं नवं औषधही निघालं. अल्प्राझोलामसारख्या जुन्या गोळ्या सगळ्या मेंदूलाच मंद करतात. २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं सुव्होरेक्संट फक्त जागेपणाचा ओरेक्सिन-निरोप अडवतं. तेही डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं औषध आहे, पण मेंदू समजून घेऊन बनवलेलं.

आता आपल्याकडे या. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत, आणि दुकानदाराने नोंद तीन वर्षं ठेवायची. कायदा आहे. तरीही शेजारच्या काकांची पट्टी आजीच्या उशाशी येतेच. या गोळ्यांची सवय लागते, म्हाताऱ्या माणसांचा तोल जातो. आणि रोज घेणाऱ्याने अचानक बंद करणंही धोक्याचं, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करायची.

माझं म्हणणं एवढंच. शाळेच्या आरोग्य तपासणीत डोळे-दात बघता ना? मग "दिवसा आवरत नाही इतकी झोप येते का?" हाही एक प्रश्न विचारा. आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात निद्रानाशासाठी गोळीआधी सवयी बदलायचा सल्ला मिळू दे. जुन्या निद्रानाशावर पहिला उपाय तोच मानला जातो.

तुमच्या घरात, वर्गात असं कुणी आहे का? ओरडण्याआधी एकदा डॉक्टरांकडे न्या.