'उपचार सोडला' म्हणजे कोणी सोडला?

अमेरिकेत काळ्या पुरुषांचे प्रोस्टेटच्या कर्करोगाने मरण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आहे. दोष त्यांच्या रक्तातच आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मात्र वेगळेच दाखवले. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत सर्वांना जवळपास सारखा उपचार मिळतो. तिथले काळे रुग्ण या रोगाने गोऱ्यांपेक्षा जास्त मेले नाहीत. रोग जडण्याचे प्रमाण काळ्यांमध्ये अधिक आहे हे खरे. पण मरणातली तफावत बरीचशी व्यवस्थेने घडवलेली आहे.

आपल्याकडे वर्णाच्या जागी जात उभी आहे. नवी मुंबईत, खारघरला, टाटा मेमोरियलचे अ‍ॅक्ट्रेक आहे. पण तुर्भ्याच्या झोपडपट्टीतला नाका कामगार तिथे पोहोचतो कधी? लघवी अडते, रात्री चारदा उठावे लागते, ते तो म्हातारपण समजून अंगावर काढतो. तशा प्रत्येक त्रासामागे कर्करोग नसतो. पण तपासल्याशिवाय कळणार कसे?

हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. ते रोखायला दर महिन्या-तीन महिन्यांनी इंजेक्शन घ्यावे लागते, नाहीतर एकदाच शस्त्रक्रिया करून वृषण काढावे लागतात. पसरलेल्या रोगात दोन्हींचा गुण सारखाच. शस्त्रक्रिया स्वस्त, खेपाही वाचतात. म्हणून गरिबाच्या वाट्याला बहुधा तीच येते. समजून-उमजून घेतलेला निर्णय असेल तर हरकत नाही. पण खेपांचे भाडे नाही म्हणून माणसाने देहाचा भाग द्यावा, याला निवड म्हणायचे का?

रेडिएशनसाठी कित्येक आठवडे रोज जावे लागते. महात्मा फुले जन आरोग्य योजना उपचाराचा खर्च उचलते. बुडालेली रोजंदारी कोण भरून देणार? चौथ्या आठवड्यात तो यायचा थांबला की कागदावर शेरा पडतो, 'रुग्णाने उपचार सोडला'. खरे तर व्यवस्थेने रुग्ण सोडलेला असतो.

संविधानाचे कलम ४७ सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य मानते. तेव्हा मागणी स्पष्ट हवी. उपचार कोणाचा, कुठे आणि का तुटला, याची नोंद जात, उत्पन्न आणि अंतरासह ठेवा व आकडे जाहीर करा. उपचारकाळात बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. आणि आपणही विहारात, वस्तीत पन्नाशीपुढच्या पुरुषांना लाज सोडून डॉक्टरकडे जायला सांगू या.