अहिल्याबाईंचे कामाचे तास

इंदूरच्या छत्रीबागेत सुभेदार मल्हारराव होळकरांची छत्री आहे. त्यांच्यामागे वर्षभरातच राज्याची धुरा सून अहिल्याबाईंवर आली आणि १७९५ पर्यंत त्यांनी ती वाहिली. ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कमने अहिल्याबाईंची दिनचर्या नोंदवली आहे: पहाटे पूजा आणि श्रवण, मग दानधर्म, भोजन, थोडी विश्रांती. दरबार दुपारी दोन ते सहा, नंतर पूजा-फराळ, पुन्हा नऊ ते अकरा कामकाज. म्हणजे राज्यकारभाराला सहा तास. कर्तव्यावर त्यांच्याइतकी निष्ठा कुणाची होती? तरी पूजेची वेळ दरबाराने खाल्ली नाही.

त्याच इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर आज आयटी कंपन्या आहेत आणि तरुणांना आठवड्याला सत्तर तास राबण्याचा सल्ला मिळतो. हा सल्ला आम्हाला मान्य नाही. कामावर प्रेम असणे वेगळे, रात्री जेवणाच्या ताटावरून साहेबाच्या फोनसाठी उठणे वेगळे. कामाची वेळ संपल्यावर फोन न घेण्याचा हक्क देणारे खासदार सुप्रिया सुळे यांचे खासगी विधेयक २०१८ चे. त्याचा कायदा झालेला नाही. संसदेने असे विधेयक चर्चेला घ्यावे. कंपन्यांनी मात्र तोवर थांबू नये.