अर्ध्यावर मिटलेली कादंबरी

गुस्ताव्ह फ्लोबेर यांची १८५७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेली 'मादाम बोव्हारी' ही जगन्मान्य कादंबरी मी दोनदा हाती घेतली आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर मिटली. कोणी कारण विचारले की सांगत असे, "जीव लावावा असे त्यात एकही माणूस नाही." नायिका एमा आत्ममग्न, औषधविक्रेता ओमे प्रसिद्धीलोलुप आणि एमाचा पती शार्ल आपल्याच व्यवसायातला, परंतु सुमार.

मी थांबलो ते प्रकरण आपणा डॉक्टरांना अस्वस्थ करणारे आहे. ओमे आणि एमा यांच्या आग्रहाला बळी पडून, केवळ पुस्तक वाचून, शार्ल खानावळीतील मोतद्दार इपोलीतच्या वाकड्या पावलावर शस्त्रक्रिया करतो. पायात गँगरीन पसरते. अखेर दुसऱ्या डॉक्टरला तो मांडीपासून कापावा लागतो.

न रुचणारी कादंबरी सोडण्याचा वाचकाला पूर्ण अधिकार आहे. वाचन म्हणजे काही रुग्णसेवा नव्हे. परंतु मी देत होतो ते कारण खरे नव्हते. जीव लावावा असा इपोलीत तेथे होताच. मला सोसली नाही ती शार्लची भीड. 'हे मला जमणार नाही' असे वेळीच न म्हटल्याचा प्रसंग माझ्याही व्यवसायात येऊन गेला आहे.

पात्रे आवडत नाहीत म्हणून पुस्तक जरूर मिटावे. मात्र आपण नेमके कोणापासून तोंड फिरवतो आहोत, एवढे स्वतःला विचारावे. मी तिसऱ्यांदा वाचायला बसणार आहे, तो त्याच प्रकरणापासून.