लेकरांच्या वाट्याचे पाणी

दरवर्षी २ डिसेंबर उजाडतो तेव्हा हवेत गारवा उतरलेला असतो, मार्गशीर्ष घरात आलेला असतो वा उंबरठ्याशी उभा असतो, आणि दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात ‘राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन’ अशी एक ओळ असते. १९८४ साली याच रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि उसळलेला मिथाइल आयसोसायनेट निजलेल्या वस्त्यांवर पसरला. हवेपेक्षा जड असलेला तो वायू जमिनीलगत राहिला. आणि जमिनीच्या सर्वांत जवळ लेकरेच होती.

विष लेकरांना अधिक बाधते. त्यांचा श्वास जलद, कातडी पातळ आणि वजनाच्या मानाने अधिक. त्यामुळे रसायन लवकर भिनते आणि ते धुताना हुडहुडीही त्यांनाच आधी भरते. लेकराला न्हाऊमाखू घालण्याची जाण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. पाण्याची ऊब हाताने अजमावून मगच तांब्या ओतणाऱ्या आजीचीच ही समज संकटातही लागते. आधी लेकराला विषारी हवेतून दूर न्यावे, मग कपडे उतरवावेत, कारण अंगावरच्या रसायनाचा मोठा भाग कपड्यांसोबतच जातो. भिजलेला सदरा तोंडावरून ओढण्याऐवजी कापून काढावा. कोरडी भुकटी असेल तर पाण्याआधी ती हलक्या हाताने झटकावी. त्यानंतर कोमट पाणी, सौम्य साबण, मंद धार. कातडी खसाखसा घासू नये. डोळ्यांत गेले असेल तर किमान १५ मिनिटे डोळे धूत राहावे. अंग टिपून लेकराला उबदार गुंडाळावे आणि विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे. हे सारे करणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि शक्यतो आईबापांना लेकराजवळ राहू द्यावे; मुखवट्यातल्या अनोळखी माणसाला ते आधीच बिचकलेले असते.

भोपाळच्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन कचरा पीथमपूरला जाळून संपवायला २०२५ साल उजाडले. लेकराच्या अंगावरचे विष मात्र मिनिटांतच उतरवावे लागते, आणि ती मिनिटे तयारी असेल तरच हाती येतात. रासायनिक अपघातांसाठी १९९६च्या नियमांनी जिल्हा आपत्ती गट सांगितले आहेत. तारापूर, डोंबिवली, महाड, लोटे इथल्या धुराड्यांच्या सावलीत आपल्या शाळा भरतात, अंगणवाड्या चालतात. तिथल्या सरावात लहान मूल धरलेले असते का? कोमट पाण्याची, टॉवेलांची, बदलायच्या कपड्यांची सोय कुणाच्या यादीत आहे का?

स्मृतिदिन पाळणे हा आपला रिवाज आहे आणि तो चांगलाच आहे. पण गेलेल्यांचे ऋण केवळ मेणबत्त्यांनी फिटत नाही. या २ डिसेंबरला आपण हे प्रश्न आपापल्या ग्रामसभेत, प्रभागात आणि शाळेच्या पालकसभेत विचारू या, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहू या.