लाडका झॅमो

इंग्लंडचे ली मॅकडोनाल्ड यांनी पुढे किल्ल्या बनवून देण्याचे दुकान टाकले. पण दुकानात येणारे लोक त्यांना 'झॅमो' म्हणूनच ओळखत. झॅमो ही त्यांची बालपणीची भूमिका.

बी.बी.सी.वर १९७८ ते २००८ अशी तीस वर्षे 'ग्रेंज हिल' ही शाळकरी मुलांची मालिका चालली. लंडनच्या साध्यासुध्या शाळेतली ती गोष्ट. झॅमो त्यातला खोडकर, सर्वांचा लाडका मुलगा. १९८६ साली हाच झॅमो हेरॉइनच्या आहारी गेलेला दाखवला आणि घरोघरचे आईबाप हादरले. त्याच वर्षी 'जस्ट से नो' या व्यसनविरोधी मोहिमेनिमित्त ही कलाकार मुले अमेरिकेच्या व्हाइट हाउसपर्यंत जाऊन आली. मॅकडोनाल्ड आजही त्या दिवसांबद्दल आपुलकीने बोलतात.

आम्हाला यात मोलाचे वाटते ते एकच. लेखकांनी व्यसनासाठी वाया गेलेला पोरगा निवडला नाही, लाडकाच निवडला. 'आमचा बाळ्या तसला नाही' असे आपण सारेच म्हणतो. पण पोर खोटे बोलू लागले, जुने सोबती टाळू लागले, तर हात उगारण्याआधी त्याला जवळ बसवा. काय झाले ते विचारा. लाडक्यालाही विचारावे लागते.