दोष बोटांचा की तारांचा?

गेल्या काही वर्षांत आपल्या शाळेतील मुलामुलींना गिटारची ओढ लागली आहे. पालकसभेत त्यावरून दोन प्रश्न आम्हाला हमखास विचारले जातात. एक, हे परके वाद्य आपल्या मुलांनी का शिकावे? आणि दुसरा, घ्यायचेच तर किती रुपयांचे घ्यावे?

पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. हार्मोनियमही युरोपातूनच आली. आपण तिला 'पेटी' म्हणून घरात घेतले आणि आज तिच्याशिवाय भजन किंवा नाट्यगीत सुचत नाही. आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दूर ठेवले, पण घराघरांतून ती हलली नाही. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत पं. ब्रिजभूषण काबरा यांनी संतूर व बासरीच्या जोडीला गिटारवर रागसंगीतच वाजवले. वाद्य आले कोठून, यापेक्षा त्यावर वाजते काय, हे महत्त्वाचे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. आमचे मत असे की पहिली गिटार स्वस्तच घ्यावी. मुलाचा कल टिकेल की नाही, हे आधी कोणालाच ठाऊक नसते. प्लायवूडची साधी गिटार शिकायला पुरेशी आहे; आपल्या माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तिला तडे जाण्याची भीतीही कमी. मात्र स्वस्त म्हणजे वाजवता न येणारी नव्हे. कित्येक स्वस्त गिटारींच्या तारा पट्टीपासून फार उंच असतात. मूल जीव तोडून दाबते, बोटे सोलवटतात, सूर मात्र फुटकाच निघतो. मग घरात निकाल लागतो, 'याच्यात संगीत नाहीच.' दोष तारांचा आणि शिक्षा मुलाला! हा शिक्का मुलाच्या मनावर वर्षानुवर्षे राहतो, म्हणून हे लिहिणे आवश्यक वाटले.

दुकानात एवढे अवश्य पाहावे. बाराव्या पडद्यापाशी तार आणि पडदा यांत दोन-अडीच मिलिमीटरपेक्षा फार जास्त अंतर नसावे. मोकळी तार 'सा' मानली तर बाराव्या पडद्यावर तोच सा वरच्या सप्तकात शुद्ध लागला पाहिजे. तेथे बेसूर असेल तर गिटार परत ठेवावी. दांडी एका डोळ्याने बंदुकीसारखी धरून पाहावी, वाकलेली नको. खुंट्या फिरवल्यावर सूर टिकतो का, तेही पाहावे. तारा उंच असल्यास जाणत्या कारागिराकडून तो आधार थोडा घासून घ्यावा. हा खर्च नवी महाग गिटार घेण्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. लहान मुलांना लहान आकाराची, नायलॉनच्या तारांची गिटार बरी. पण नायलॉनच्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्यांच्या ताणाने खालची पट्टी उखडते. मे महिन्यात बंद मोटारीत गिटार ठेवणेही टाळावे, उष्णतेने सरस सुटतो.

चांगल्या गिटारनेही पहिले दोन-तीन आठवडे बोटे दुखतातच. रोज पंधरा मिनिटे वाजवले की कातडी घट्ट होते. रविवारी एकदम दोन तास बसण्यात अर्थ नाही. जी, सी आणि डी हे तीन कॉर्ड हाताला बसले की मूल कितीतरी सोप्या गाण्यांना साथ करू लागते.

पालकांना दोन विनंत्या. 'नव्वद टक्के आण, मग गिटार' असा सौदा करू नका. संगीत हे गुणपत्रिकेचे बक्षीस नव्हे. आणि पाहुण्यांसमोर महिन्याभरातच 'वाजवून दाखव' म्हणू नका. त्याला चुकू द्या, तेच तेच वाजवू द्या. घरात थोडा बेसूर सहन करण्याची तयारी असेल, तरच पुढे सूर ऐकायला मिळेल. गणेशोत्सवाच्या मंचावर आरतीनंतर आपल्याच मुलांनी स्वस्त गिटारवर साथ करावी आणि आपल्या भाषेतील गाणी गावीत, एवढीच आमची अपेक्षा आहे.